भिंत नको म्हणणाऱ्या गौराक्कांस

अक्का, तुम्हाला बसवून आलो आम्ही. तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे मांडी घालून, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, भोवती बेलाची पानं. आमच्या तुळजापुरात माणसाला जाळतात. बसवून माती देताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाईमाणसानं तिकडं कशाला जायचं, असं वाटेत कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही. तुम्ही वर्गात बसायचात अगदी तशाच बसल्या होतात, फक्त समोर एवढी कुजबुज चालू असून एकदाही डोळे वटारले नाहीत. तेव्हापासून मला कुठंच बसवत नाही. घरात बसले की शाळेत जावंसं वाटतं, शाळेत गेले की बाहेर पडावंसं वाटतं. परवा शाळा सुटल्यावर चालत ओढ्यापर्यंत गेले. पलीकडं मैसूर राज्य सुरू होतं, एक म्हातारा तिथं म्हशी धूत होता. त्यानं विचारलं, बाई, कुठं निघालात? मी तशीच परत फिरले.

गावानं तुमच्यासाठी सभा घेतली. सरपंच दाजीबा बोलले, अगदी पागोटं घालून. तुम्ही किती वर्षं नोकरी केलीत, किती पिढ्या घडवल्यात, सगळं झालं. मग म्हणाले, गौराक्का म्हंजे दोन भाषांमधला पूल व्हत्या. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, कारण मला तुमचा आवाज आला: ‘पूल म्हंतोय व्हय रं? म्हंजे समद्यांनी मला तुडवायचं?’ शोकसभेत हसू येणं बरं नव्हे. मी पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं बाई रडायली. दोन्ही खरंच होतं म्हणा.

पण आपलं भांडण कुणी काढलं नाही. गेलेल्या माणसाचं भांडण काढायचं नसतं म्हणे. मी काढणार आहे. ते अर्धंच राहिलंय, आणि उरलेलं अर्धं माझ्या गळ्यात पडलंय.

आधी शाळेचं बोलू. ती तुमच्यापेक्षा मोठी. तुमच्या वडिलांना गाव मठाचे मास्तर म्हणायचं. निजामाच्या काळात सरकारी शाळेत उर्दू चाले. घरात मात्र निम्म्या गावाची कानडी, निम्म्याची मराठी. पोरं शाळेतून काहीबाही पाठ करून यायची आणि घरी आईला त्यातलं अक्षर कळायचं नाही. म्हणून मास्तरांनी मठाच्या खोलीत कानडी शिकवायला सुरुवात केली. त्यांचे दोस्त जोशीबुवा, त्यांनी मराठी. खोली एकच आणि कंदीलही एकच, तेव्हा दोन्ही वर्ग एकाच तरटावर बसले. पाट्या अपुऱ्या होत्या. मग एका कानडी पोराशेजारी एक मराठी पोर बसवायचं आणि दोघांत एक पाटी द्यायची. पाटीची एक बाजू ह्याची, दुसरी त्याची. मास्तर कानडीत सांगायचे, बुवा मराठीत सांगायचे, पण भाषांतर कुणीच करायचं नाही. ज्याला आधी कळलं त्यानं आपल्या जोडीदाराला जोडीदाराच्या भाषेत समजावायचं. अडचणीतून निघालेली ही रीत. तुम्ही तिच्यात वाढलात आणि मग शाळाच तिच्यावर उभी केलीत.

विलीनीकरण झालं, शाळा सरकारी झाली. उर्दू गेली, आता कोणती भाषा, असं गावाला विचारण्यात आलं. गाव म्हणालं, हाय तशीच ऱ्हाऊ द्या. ते हैद्राबाद राज्य होतं, तिथं दोन काय, चार भाषा चालायच्या. तुम्ही कानडीच्या बाई झालात. मग राज्यं नव्यानं आखली गेली, रेघ आपल्या ओढ्यातून गेली. तुमच्या थोरल्या बहिणीचं गाव मैसुरात, आपलं मुंबई राज्यात. तोवर आपल्याच घरात राहत असलेली तुमची कानडी एकदम परमुलखातली पाहुणी झाली. तिची पुस्तकं इकडून मिळेनात. सुट्टी लागली की तुम्ही एस.टी.नं पलीकडच्या आळंदला जायचात आणि बोचकं भरून पुस्तकं आणायचात. कंडक्टर विचारायचा, अक्का, लुगडी व्हय? तुम्ही म्हणायचात, व्हय बाबा, पोरांची.

त्याच सुमाराला मी आले. जोशीबुवा गेलेले होते, त्यांच्या जागी मराठीची बाई म्हणून मला नेमलं होतं. पुजाऱ्याच्या घरची पोर, देवळाच्या गर्दीत वाढलेली, हातात ट्रंक, तोंडात पुस्तकी मराठी. तुमच्या परसातली खोली मला भाड्यानं दिलीत आणि पहिल्याच जेवणाला अट घातलीत, की भाकरी कानडीत मागायची. मला येईना. तुम्ही भाकऱ्यांच्या दुरडीवर फडकं झाकून बसून राहिलात. वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला, मी रडकुंडीला आले. शेवटी तुमच्याच तोंडून ऐकलेलं कसंबसं जुळवून म्हणाले, ‘इन्नोंद रोट्टी कोडरी.’ अजून एक भाकरी द्या. तुम्ही हसत सुटलात: ‘अगं, आधी एक तरी घे की! पहिल्या घासालाच अजून एक कसली मागतीस?’ त्या दिवशी पोटभर जेवले. माझी कानडी तिथून सुरू झाली, आणि अजूनही ती बरीचशी स्वयंपाकघरातलीच आहे.

शिकवायला मात्र मी तुमच्याकडूनच शिकले. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला सांगितलं होतं, वर्ग शांत असला पाहिजे. तुमचा वर्ग म्हणजे मोंढा, भरला बाजार. सगळी पोरं एकमेकांना समजावतायत, भांडतायत, पाटी ओढतायत. मी आपली ‘गप्प बसा’ म्हणून ओरडायची. एकदा तुम्ही मला बाहेर नेलंत. ‘नलू, तू त्यांना गप कशाला करायलीस? गप बसलेल्या पोराला काय कळलंय ते तुला कुठून कळणार गं?’ मी फणकारले होते. पुढं हळूहळू माझं ओरडणं बंद पडलं. हे कधी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं असतं.

मराठी राज्य झालं त्या वर्षीची पाट्यांची गंमत आठवते? दाजीबा नुकतेच सरपंच झालेले. हौसेनं उमरग्याहून पाट्या आणल्या आणि पोरागणिक एक वाटली. गावात साखर वाटावी तसा आनंद. दुसऱ्या दिवशी वर्गात चिडीचूप. जो तो आपल्या पाटीत डोकं घालून. मला वाटलं, वा, आज कसा शहाण्यासारखा वर्ग चाललाय. तुम्ही दारात उभ्या राहून थोडा वेळ पाहिलंत, मग निम्म्या पाट्या गोळा करून ट्रंकेत टाकल्यात आणि कुलूप लावलंत. संध्याकाळी दाजीबा तरातरा आले.

‘अक्का, म्हाराष्ट्राची पाटी तुमाला चालंना व्हय?’

‘पाटी चालती दाजीबा. पर एका पोराला अर्धीच.’

‘लोक काय म्हंतेत म्हाईत हाय का? म्हंतेत, कानडी बाईच्या पोटात दुखायलंय.’

‘तुमी तुरीचा सौदा करायला आळंदला जाता, तवा कोन्त्या भाषेत बोलता?’

‘कानडीत. त्येचा हितं काय संबंद?’

‘कुनी शिकवली?’

दाजीबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मठाच्या खोलीत त्यांची जोडी तुमच्या चुलतभावाशी होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक. ‘त्ये येगळं,’ म्हणाले. ‘तवा पाट्या नव्हत्या.’ तरीपण चहा घेऊनच उठले. ट्रंकेचं कुलूप तसंच राहिलं. माणूस रागावला होता, पण वाईट नव्हता. त्यानं खरोखर प्रेमानं दिलेली वस्तू तुम्ही कुलपात घातलीत, हे मला तेव्हाही जरा जास्तच वाटलं होतं. तुमचं हे असंच. बरोबर असायचात, पण समोरच्याला उभं राहायला जागा ठेवायचा नाहीत.

मग ती तपासणी. अजून आठवलं की हसू येतं. जिल्ह्याहून साहेब आले होते. नवीन, तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला सभ्य. आपल्या पोरांनी पाढे म्हटले, कविता म्हटल्या, साहेब खूश. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, ‘मुलांनो, आपल्या राज्याची राजधानी कोणती?’ निम्मा वर्ग ओरडला, मुंबई. निम्मा वर्ग तेवढ्याच जोरात ओरडला, बंगळूर. पोरांचं काय चुकलं? मराठी पुस्तकात ‘आपलं राज्य’ म्हणजे महाराष्ट्र, आळंदहून आणलेल्या कानडी पुस्तकात ‘आपलं राज्य’ म्हणजे मैसूर. जसं छापलं होतं तसंच बोलली. साहेबांचा चेहरा उतरला. मल्लव्वा आणि सुमनची जोडी पहिल्या रांगेत होती. त्यांना वाटलं साहेबांना ऐकू आलं नाही, म्हणून दोघींनी उभं राहून पुन्हा एकदा खणखणीत सांगितलं, हिनं बंगळूर, तिनं मुंबई, आणि एकमेकींकडं बघून मान डोलावली.

साहेब रागावले, पण आदळआपट केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. म्हणाले, ‘एका खोलीत दोन राज्यं चालणार नाहीत. कानडीचा वर्ग वेगळा करा. वेगळी खोली, वेगळी बाई, इथली मान्य पुस्तकं. मंजुरी मी आणून देतो. ते नको असेल तर फक्त मराठी ठेवा. गावाचं काय ठरतं ते सांगा, मी पुन्हा येईन.’ मंजुरी मी आणून देतो, हे त्यांचं वाक्य मी धरून ठेवलं आणि ते निघताना त्यांना गाठून वेगळ्या वर्गाचा आग्रहही धरला. तुम्ही ऐकलंच नाहीत. तुम्हाला फक्त वेगळी खोली ऐकू आली.

तिथून आपलं जुंपलं. मराठीची बाई म्हणत होती कानडीचा वर्ग वेगळा आणि पक्का करा, आणि कानडीची बाई म्हणत होती नको. गावाला वाटलं आमची डोकी फिरली.

मी म्हणाले, ‘अक्का, आज तुम्ही आहात म्हणून कानडी आहे. उद्या तुम्ही पेन्शनीत जाल. मग? तुमच्या जागी कोण येणार? कुणीच नाही, कारण कानडीची जागाच नाही, सगळं तुमच्या जिवावर चाललंय. नियमात बसलेला वर्ग कुणाला हलवता येत नाही. एकदा भिंत घातली की भिंतीच्या आत ती भाषा सुरक्षित.’

तुम्ही ज्वारी निवडत होतात. सुपातला हात थांबला नाही. ‘आन् भितीच्या भाईर?’

‘बाहेर काय?’

‘सुमन कानडी कुनाकडून शिकंल? मल्लव्वा मराठी कुनाकडून? तुज्या भितीच्या हिकडं एक कळप, तिकडं एक कळप. मोठी झाल्यावर एकमेकांस्नी दगडं मारतेली. म्या भाषा शिकवायला बसले न्हाय गं नलू. म्या शेजारी बसायला शिकवायले.’

‘हे बोलायला फार गोड आहे, अक्का. पण तुम्ही गेल्यावर मल्लव्वाला धड कानडी लिहिता येणार नाही. तिच्या नातवंडांना बोलताही येणार नाही. मग शेजारी बसून काय करायचंय? दोघी मराठीच बोलतील की.’

सुपातला तुमचा हात पहिल्यांदा थांबला. मी जिंकले असं मला वाटलं. पण मग तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, ‘ती तुजी भाषा न्हाय. तुला इतकी कळकळ कशापायी?’

ते लागलं मला. अजून लागलेलं आहे. तुमच्याच घरात भाकरी मागून शिकलेली भाषा माझी नाही, हे तुम्ही म्हणावं? मी ताट सरकवून उठले. तुम्ही हाक मारली नाहीत. मला वाटतं, बोलून गेल्यावर तुमचं तुम्हालाच खुपलं असणार, पण माघार घेणं हा तुमच्याकडं प्रकारच नव्हता. आणि माझ्याकडं तरी कुठं होता?

त्यानंतर आपण एकमेकींशी बोललो नाही. एकाच खोलीत, एकाच तरटासमोर, एकच धडा तुम्ही कानडीत आणि मी मराठीत शिकवत होतो, आणि मध्ये पोरं. ‘सुमे, तुज्या बाईस्नी सांग, खडू संपला.’ ‘मल्लव्वा, अक्कांना सांग, फडताळात आहे.’ आपल्या दोघींना दोन्ही भाषा येत असून पोरं आपली निरोप्यासारखी इकडून तिकडं करायची, आणि त्यांना भलती मजा यायची. सुमन तर निरोपात आपल्या पदरचं घालायला लागली. मी म्हटलं होतं ‘फडताळात’, तर तिनं तुम्हाला सांगितलं, ‘बाई म्हणतेत फडताळात हाय, आन् आज तुमी लई छान दिसायलाव.’ तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी फळ्याकडं तोंड केलं. त्या क्षणी हसले असते तर सगळं मिटलं असतं. पण मला मिटवायचं नव्हतं, मला पटवायचं होतं. तुम्हालाही.

मग तुमचा खोकला वाढला. तुम्ही सुंठ चघळत शिकवत राहिलात. एक दिवस तरटावर खाली बसलात ते उठूच शकला नाहीत. दाजीबांनी रस्त्यावर उभं राहून एक ट्रक थांबवला, हैद्राबादकडून कांद्याची पोती घेऊन आलेला. ड्रायव्हरनं पुढची जागा रिकामी केली. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सडकेला खड्डे, प्रत्येक धक्क्याला तुम्ही डोळे मिटायचात, आणि उमरग्याचा दवाखाना काही येईना. मला सारखं वाटत होतं की म्हणावं, अक्का, राहू दे, तुमचंच खरं. तुम्हाला बरं वाटलं असतं. पण ते खोटं झालं असतं आणि तुम्ही ते तेवढ्या तापातही ओळखलं असतं. म्हणून मी नुसता तुमचा हात दाबून धरला.

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, ‘नलू, बरी झाले की भांडू.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘पोटभर भांडू.’

‘तुजं समदं चूक न्हाय,’ तुम्ही म्हणालात. मग खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबल्यावर तुम्ही पाणी मागितलंत. मी विचारायला हवं होतं का, अक्का, त्यातलं कोणतं चूक नाही? पण पाणी मागणाऱ्या माणसाला कोण असले प्रश्न विचारतं? दवाखान्यात डॉक्टरांनी सुया दिल्या, तुमची बहीण पलीकडून धावत आली, आणि तुम्ही फक्त तिच्याशी, कानडीत, कुठल्याशा लहानपणच्या विहिरीबद्दल बोलत राहिलात. मला सगळं कळत होतं. त्या भाषेत मी भाकरी मागितली, पोरं शिकवली, बाजार केला. पण मरणाऱ्या माणसाचं बोलणं त्या भाषेत तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. ती माझी नाही म्हणालात ना? मग मी का अशी ओक्साबोक्शी रडत होते?

आता कालचं सांगते, म्हणजे मग मला कदाचित बसवेल.

साहेब पुन्हा आले. शाळेच्या ओसरीवर सगळा गाव. आधी तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले, मनापासून वाटले. मग म्हणाले, आता निर्णय सांगा. दाजीबा उठले: ‘सायेब, अक्का गेल्या. आता मराठीच ठिवा. उगा दोन दोन कशाला?’ मल्लव्वाचे वडील उठले, ते कधी बोलत नाहीत, पण बोलले: ‘आमची भाषा आमाला पायजे. येगळा वर्ग करून द्या.’ लगेच दोन तट पडले. इकडची इकडं, तिकडची तिकडं, ओसरीवरसुद्धा माणसं सरकून बसली. साहेब माझ्याकडं वळले. त्यांना माहीत होतं मी काय म्हणणार. मलाही माहीत होतं. वेगळा वर्ग, पक्की मंजुरी, कानडीची कायमची जागा. तुमच्याशी भांडून भांडून माझा मुद्दा अगदी घासूनपुसून तयार होता. मल्लव्वाचे वडील आशेनं माझ्याकडं बघत होते.

मी उभी राहिले आणि वाट पाहिली. कुणीतरी दुसरं काही म्हणेल याची. एकच खोली राहू दे, पोरं शेजारी शेजारी राहू देत, असं म्हणणारं तिथं एकही माणूस नव्हतं. त्या ओसरीवर इतकी माणसं, त्यातली निम्मी तुमच्या हाताखाली शिकलेली, आणि तुमची बाजूच नाही. जशी काही ती कधी नव्हतीच. दाजीबा आपल्या जोडीदाराच्या, तुमच्या चुलतभावाच्या, नेमक्या विरुद्ध कडेला बसले होते आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

आणि मी बोलायला लागले, अक्का, तर ते तुमचं निघालं. भिंत नको. सुमनला कानडी कोण शिकवणार, मल्लव्वाला मराठी कोण शिकवणार. शेजारी बसवायचंय. बोलताना माझा हातसुद्धा तुमच्यासारखा हलत होता म्हणे, सुमनच्या आईनं नंतर सांगितलं. मल्लव्वाचे वडील माझ्याकडं पाहतच राहिले. आपल्या बाजूचं माणूस ऐन वेळी पलीकडं गेल्यावर पाहतात तसे. त्यांच्याकडं बघायचं मला धैर्य झालं नाही.

साहेब गोंधळले. ‘बाई, मागच्या वेळी तर तुम्हीच वेगळ्या वर्गासाठी माझ्याकडं आग्रह धरला होता. आता उलट का?’

‘तेव्हा हे बोलायला अक्का होत्या,’ मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘खोली एक ठेवता येईल. पण मग कागदावर शाळा मराठीच राहील, आणि कानडीची म्हणून कधी कुणी बाई मिळणार नाही. कोण शिकवणार?’

‘मी शिकवीन.’

मागून कुणीतरी हसलं. माझी कानडी गावाला माहीत आहे. पण मल्लव्वाचे वडील हसले नाहीत. निघताना माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, ‘तुमची बदली झाली म्हंजे, बाई?’ एवढंच. राग नव्हता त्यात, तो असता तर बरं झालं असतं.  हा माझाच प्रश्न होता, मीच तुम्हाला विचारलेला, ज्वारी निवडताना. तुम्हीही त्याचं उत्तर दिलं नव्हतंत.

आज सकाळी एकटीनं दोन्ही धडे घेतले. कानडीत सांगायला तरटाच्या तुमच्या बाजूला जायचं, मराठीत सांगायला परत माझ्या. पोरं खदखदा हसली. मल्लव्वानं तीनदा मला दुरुस्त केलं आणि चौथ्यांदा कंटाळून सोडून दिलं. वर्ग व्यवस्थित गोंगाटात चालला. तुम्हाला आवडलं असतं.

आणि तरी मला बसवत नाही, अक्का. तुमचं ऐकलं म्हणून गाव मला शाबासकी देतंय. दाजीबा म्हणाले, बाईंनी अक्कांचा शब्द राखला. पण मला तुमचं पटलंय असं कुणी समजू नये, तुम्ही तर मुळीच नाही. मी आजही म्हणते, पक्की जागा घ्यायला हवी होती. मी उद्या या गावातून गेले तर ती भाषा माझ्याबरोबर दाराबाहेर पडेल, आणि मल्लव्वाचे वडील दारात उभे असतील. हे माझं म्हणणं खरं आहे. कमीत कमी तुमच्याइतकं तरी खरं आहे. फक्त काल ते मांडायला कुणी उरलं नव्हतं, कारण मी तुमचं मांडत होते.

बरी झाले की भांडू म्हणाला होतात. मग चला, आता भांडा. पण या वेळी एक करा. तुमची बाजू मी घेतली आहे, सगळ्या गावासमोर. माझी तुम्ही घ्या.